भावाच्या वाटणीच्या चार गोळ्या

गेल्या वर्षी मे महिन्यात, गावच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या वहिनीने माझ्या भावाच्या वाटणीच्या चार गोळ्या स्वतः गिळल्या. तिचा स्वतःचा सात दिवसांचा कोर्स त्याच सकाळी संपला होता. दुपारपर्यंत तिला तीन-चार वेळा उलटी झाली. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या दोन घरांतून कैऱ्या आल्या.

कैऱ्या का आल्या हे सांगण्यापूर्वी गोळ्या कशाच्या होत्या ते सांगितलं पाहिजे.

वहिनीला शरीरसंबंधातून होणारा एक संसर्ग झाला होता. हा आजार फार साधा आहे. औषध साधं आहे, स्वस्त आहे, कोणत्याही केमिस्टकडे मिळतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते वाचून कुणीतरी चिठ्ठीशिवाय दुकानात जाईल आणि दुकानदार देईलही. अट एकच असते. औषध नवरा-बायको दोघांनी घ्यावं लागतं. आमच्या घरात अडचण एवढीच होती.

घर निमगाव सावा नावाच्या गावात आहे. घरात आई, भाऊ आणि वहिनी. वडील गेल्याला बरीच वर्षं झाली. भाऊ टोमॅटो आणि कांदा करतो, आणि हंगामात स्वतःचा व इतरांचा माल पिकअपमध्ये घालून वाशीच्या मार्केटला नेतो. चुलतभावांबरोबर भागीत त्याची बैलजोडी आहे, शर्यतीची. मी मंचरला राहते आणि एका वर्तमानपत्राची बातमीदार आहे. आठवड्याला एखादी चक्कर घरी होते.

वहिनीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आई वाईट बाई नाही. तिने कधी टोमणा मारला नाही. मागच्या यात्रेला ती फक्त एवढंच म्हणाली होती, "पुढच्या यात्रेला घरात पाळणा हलला पायजे." आमच्याकडे आई जे म्हणते ती इच्छा नसते, मुदत असते.

वहिनीचा त्रास त्या यात्रेनंतरच्या पावसाळ्यात सुरू झाला. अंगावरून जाणं, खाज, लघवीला जळजळ. आईने त्याचं निदान 'उष्णता' असं केलं आणि सब्जा सुरू केला. सब्जाने गुण आला नाही तेव्हा तिला शेजारच्या मोठ्या गावातल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पुरुष, त्यामुळे तपासणी झाली नाही. प्रश्न डॉक्टरांनी विचारले आणि उत्तरं आईने दिली. वहिनी दोघांच्या मध्ये बसून होती. तिला एकाच वेळी घ्यायचा डोस मिळाला. आठवड्यात बरं वाटलं, महिन्याभरात सगळं परत आलं. मग पुन्हा तोच डोस, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टॉनिकचा रंग बदलण्यात आला.

या काळात नवऱ्याला औषध द्यावं असं कुणी म्हटलं का, असं मी वहिनीला नंतर विचारलं.

"त्यांना कशाला?" ती म्हणाली. "त्यांना काय व्हत न्हवतं."

मंचरच्या डॉक्टरांकडे तिला मी नेलं. मंचर निवडण्याचं कारण वैद्यकीय नव्हतं. जवळच्या नारायणगावात दवाखान्याच्या बाकावर बसलं की आपण घरी पोचायच्या आत बातमी पोचते, आणि माझ्या वर्तमानपत्राला अजून हा वेग जमलेला नाही. घरी सांगितलं, मूल होण्यासाठी नळ्यांची तपासणी करायची आहे. ते खरंच होतं. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे बघायला आत औषध सोडून फोटो काढतात. वहिनीला ती तपासणी हवी होती. आपल्यात दोष आहे की नाही, एवढं तरी कागदावर यावं, असं तिचं म्हणणं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा नमुना घेतला, पलीकडच्या खोलीत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि परत येऊन सांगितलं की नळ्यांचं नंतर बघू. "आत संसर्ग असताना तपासणी केली तर तो वर चढतो. आधी हा घालवायचा. दोघांचा."

वहिनीने आधीच्या डोसांची रिकामी पाकिटं पिशवीत जपून आणली होती. ती बघून बाई म्हणाल्या, "औषध चुकीचं नाहीये. एका डोसची सोय मोठी असते. समोर घेतलं की विषय संपला, विसरायची भीती नाही. पण बायकांमध्ये सात दिवसांचा कोर्स जास्त खात्रीचा ठरलाय. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. एकही चुकवायची नाही."

"आणि ह्यांना?"

"पुरुषांना अजूनही एकच डोस चालतो. चार गोळ्या, एका वेळी."

"त्यांना एकदाच, आणि मला आठवडाभर?"

"हो."

"देवानं वाटणी बघूनच केलीय म्हणायची," वहिनी म्हणाली.

मग तिने विचारलं की हे आलं कुठून. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. ते मी सांगू शकत नाही, म्हणाल्या. हा संसर्ग महिनोन् महिने गुपचूप राहतो, पुरुषांना तर बहुतेकदा पत्ताही लागत नाही. कुणाकडून कुणाला, हे कोणतीच तपासणी सांगत नाही. त्यांनी दुसऱ्या दोन गोष्टी सांगितल्या. दोघांचं औषध होऊन आठवडा जाईपर्यंत एकत्र यायचं नाही. आणि गोळ्या घेतल्यापासून तीन दिवस नवऱ्याने दारूला शिवायचं नाही.

माझा भाऊ हंगामात आठवड्याच्या तीन-चार रात्री वाशीला असतो. एवढं वाक्य लिहून मी थांबते, कारण त्यापुढचं कुणी पाहिलेलं नाही.

वहिनीने कोर्स सुरू केला. भावाच्या चार गोळ्या तिने देवळीत, आरशाच्या मागे ठेवल्या. भावाने त्यांच्याकडे बघितलं आणि वेळ काढला. नाही असं तो म्हणाला नाही. पहिल्या दिवशी पाहुण्यांकडे हळद होती. हळदीला न पिणारा माणूस आजारी समजतात, आणि आजारी म्हटलं की काय झालंय असं विचारतात. मग लग्न. मग एक दिवस मोकळा होता, तेव्हा त्याला पित्त झालं. मग यात्रा. यात्रेत तीन दिवस दारूला न शिवणं हे आमच्या भागात फक्त मेलेल्या माणसाला जमतं.

याच सुमारास त्याच्या एका बैलाला खरूज झाली. हे मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी सुई दिली आणि ठरलेल्या दिवशी दुसरी द्यायची म्हणून सांगून गेले. भावाने मोबाइलमध्ये आठवण लावली. चुलतभाऊ म्हणाला की एक सुई बास झाली, कातडं चांगलं दिसतंय. त्यावर भाऊ त्याला फोनवर म्हणाला, "न्हाई राव. अर्धवट सोडलं की परत उलटतं. आन् एकट्याला देऊन चालत न्हाई. जोडीतल्या दोघांना एकदमच द्यायची, नायतर ह्याची त्याला लागती आन् त्याची परत ह्याला."

मंचरच्या डॉक्टरीणबाईंनी हेच सांगायला बराच वेळ घेतला होता.

वहिनी तेव्हा गोठ्यात शेण भरत होती. ती म्हणाली, "मला बी कासरा बांधून हितं उभी करा. म्हंजे तरी तुमी घ्याल."

"तू काय बैल हायेस का?"

"नाय ना. बैलाचं बरं हाये."

भाऊ हसला. त्याला विनोद कळतो.

दुसरी सुई ठरल्या दिवशी दोन्ही बैलांना मिळाली. यात्रेत त्यांचा गाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावरच्या धावपट्टीवर, पहिल्यात आला. भाऊ रात्री उशिरा घरी आला, गुलालाने माखलेला. सकाळी वहिनीने स्वतःची शेवटची गोळी घेतली आणि आरशामागचं पाकीट त्याच्यासमोर धरलं. त्याने एक डोळा उघडला आणि म्हणाला, "तूच घे की. आपण काय येगळं हाये का?"

ती बारावी सायन्स पास आहे, फर्स्ट क्लास. तिने घेतल्या.

या गोष्टीला घरात पूर्वइतिहास आहे, तो नोंदवला पाहिजे. आमच्या वडिलांना एकदा विषमज्वर झाला होता, तेव्हा आईने सोळा सोमवार धरले. उपाशी आई राहिली आणि बरे वडील झाले. दरम्यान वडील पुण्याच्या दवाखान्यात सलाइनवर होते, पण श्रेय सलाइनला मिळालं नाही. तेव्हापासून आमच्याकडे पुरुषाचं दुखणं बाईने काढायचं, ही व्यवस्था आहे. भावाच्या दहावीला आईने संकष्ट्या केल्या होत्या. त्याच्या लायसन्सच्या परीक्षेला गुरुवार. भाऊ आजवर जे काही पास झाला ते दुसऱ्याच्या पोटावर झाला, तेव्हा गोळ्यांनी वेगळं काय होणार होतं.

दुपारी आईचा फोन आला. आवाज हळू केला होता. आमच्याकडे आवाज हळू केला की बातमी मोठी असते.

"गोड बातमी हाये असं वाटतंय बाय," ती म्हणाली. "सकाळधरनं उलट्या चालल्यात."

मी वहिनीला फोन द्यायला सांगितलं. आईने दिला, पण जवळच उभी राहिली असावी, कारण वहिनी आधी नुसती हं हं करत होती. मग मागच्या अंगणात आल्यावर बोलली.

"गोड बीड काय नाय ताई. तोंडात खिळं चघळल्यागत झालंय."

"कसल्याने?"

तिने सांगितलं.

"वहिनी, का घेतल्या?"

"त्ये घेत न्हवते. घरात पडून व्हत्या." मग म्हणाली, "आत्यांनी सोमवार धरले, गुण मामांना आला. म्हणलं, लागल्या तर लागल्या."

"तुम्ही सायन्सच्या ना?"

"सायन्सला ह्ये चॅप्टर न्हवतं."

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. धोका काही नाही, पाणी पीत राहा, दोन दिवस असंच वाटेल, असं त्यांनी कळवलं. तोवर कैऱ्या आल्या होत्या. एका शेजारणीने चिंचेचा गोळाही पाठवला. दुसरीने पोटाचा आकार न बघताच मुलगा सांगितला. आईने कुणालाही काही सांगितलं नव्हतं. ती फक्त दारात उभी राहून, सुनेला काही खावंसंच वाटत नाही बघा, असं तीन-चार जणींना म्हणाली होती.

तिसऱ्या दिवशी वहिनीची पाळी आली. शेजारी सांगण्यात आलं की पित्त होतं. आलेल्या कैऱ्या परत करायची पद्धत नाही. आईने त्यांचं लोणचं घातलं.

जूनच्या सुरुवातीला वहिनीचा त्रास परत सुरू झाला. भाऊ तेव्हा म्हणाला की मंचरच्या बाईला काही येत नाही, आधीचा डॉक्टर बरा होता, एका डोसात निदान आठवडाभर तरी आराम मिळायचा. उपचारांची तुलना आमच्या घरात अशी झाली. सात दिवसांचा कोर्स हरला, कारण घेणारी एकटी होती.

मंचरला आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी नमुना घेतला, पलीकडे गेल्या, आणि या वेळी वहिनीला आत बोलावलं. "बघायचंय?"

वहिनीने डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"हे हलतंय ते?"

"हो. जिवंत आहेत."

"चांगलंच पळत्यात," ती म्हणाली. "घाटात सोडलं तर पयले येतील."

बाई हसल्या आणि मग त्यांनी विचारलं की नवऱ्याने गोळ्या घेतल्या होत्या का. वहिनी माझ्याकडे बघायला लागली. प्रश्न मला नव्हता. तिने खरं ते सांगितलं. मला वाटलं होतं बाई रागावतील. त्या लिहीत राहिल्या.

"अगदी सगळ्या घेतल्यात म्हणजे तुम्ही पुढे गेलात," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे जास्त करून निम्म्या-निम्म्या करणारे येतात. बायकोचा कोर्स दोघांत वाटून घ्यायचा, म्हणजे कुणालाच पुरत नाही. काही जणी उरलेल्या जावेला देतात. घरात आलेलं एकट्याने खायचं नाही ना."

"म्हंजे माझ्या घेण्यानं त्यांना कायच लागलं नाय?"

"नाही."

"थोडंबी?"

"ताई, तुम्ही जेवलात तर त्यांचं पोट भरतं का?"

 बाईंनी तिला दुसऱ्यांदा सात दिवसांच्या आणि भावाला दुसऱ्यांदा चार गोळ्या लिहून दिल्या. या वेळी त्याच्या हातात द्या आणि तोंडात जाताना बघा, असं सांगितलं. हा लपंडाव असाच चालला तर नळ्यांची तपासणी पुढच्या वर्षीही होणार नाही, असंही सांगितलं. स्टँडवर एसटीची वाट बघताना वहिनी पारगावच्या फाट्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत होती. तिने एकदाच तोंड उघडलं.

"ताई, वटपौर्णिमा कधी हाये?"

मी सांगितलं. चार दिवसांवर होती.

वटपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी घरी होते. पुढचं मी स्वतः ऐकलेलं आहे.

आई स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीची तयारी काढत होती. सुताची गुंडी, हळदकुंकू, पाच फळं, वाणाचे गहू. भाऊ ओसरीवर मोबाइलवर शर्यतीचा व्हिडिओ बघत होता. वहिनी भाकऱ्या थापत होती. तव्यावरची भाकरी उलटवून ती म्हणाली, "आत्या, उद्या मी वडाला येत नाय."

"अडचण आली का?"

"नाय."

"मंग?"

"उपास धरून काय उपेग? डॉक्टर म्हणल्या, एकीनं खाल्लं तर दुसऱ्याला लागत नाय."

"ते गोळीचं म्हणल्या त्या. ह्यो उपास हाये."

"पोट तर माझंच ना दोन्हीला?"

आईने गुंडी खाली ठेवली. "पोरी, त्याच्या आयुष्याचा सवाल हाये. असलं बोलू नाय."

"म्हणून तर म्हणते. त्यांच्या आयुष्याचा हाये, तर त्यांनीच धरावा. मी केळी-दूध देते करून. साबूदाणा बी भिजवते."

ओसरीवरचा शर्यतीचा आवाज बंद झाला.

"काय चाललंय तुमचं?" भावाने विचारलं.

 आई वहिनीकडे बघत होती. घरातली सून वटपौर्णिमेला वडाला गेली नाही तर पहिल्यांदा ते वडाखालीच कळतं. आणि वडाखाली गावातल्या सगळ्या बायका असतात. शिवाय भाऊ रात्रीचा आळेफाट्यावरून, घाटातून गाडी चालवतो. आईचा हिशोब याच्यापुढे गेला नसावा.

"मागल्या वर्षी धरला व्हतास ना?" तिने विचारलं.

"धरला व्हता. मागल्या वर्षीच हे दुखणं लागलं."

 मग आई उठली, ओसरीवर गेली आणि भावाला म्हणाली, "गोळ्या घे."

"कसल्या गोळ्या?"

"तुला म्हाईत हाये कसल्या."

यावरून असं दिसतं की आईला सगळं माहीत होतं. कधीपासून, हे मी विचारलेलं नाही.

"मला काय झालंय?" भाऊ म्हणाला. "मी काय आजारी दिसतो का?"

"तुला कायबी झालं नाय. पोलिओचा डोस काय आजारी पोरांना देत्यात का? तान्हं पोर घेतं गपगुमान."

"अगं पण परवा मळ्यात जेवाण हाये. गाडा पयला आला त्याचं. सगळी येणारेत. मी न पिता बसू?"

"बसायचं."

"काय सांगू त्यांना?"

"दाढ दुखतीय म्हण."

हे उत्तर इतक्या लवकर आलं, की ते आधीच तयार असावं. भाऊ माझ्याकडे वळला. "तूच शिकवलंस ना हे सगळं हिला?"

मी म्हटलं, "नाही." ते खरं होतं. हा मुद्दा मला सुचला नसता.

जेवण झाल्यावर वहिनीने पाकीट आणलं. आईने तांब्या भरून दिला आणि समोर बसली. भावाने पहिली गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, तोंड वाकडं केलं. दुसरी. तिसरीला तो थांबला.

"लई कडू हाये."

"म्हाईत हाये मला," वहिनी म्हणाली.

त्याने उरलेल्या दोन एकदम घेतल्या. आईने त्याला तोंड उघडायला सांगितलं नाही, पण तो बोलेपर्यंत ती उठली नाही. त्याच रात्री वहिनीने तिच्या कोर्सची पहिली गोळी घेतली, आमच्यापैकी कुणी न बघता.

दुसऱ्या दिवशी ती नवी साडी नेसून वडाला गेली. सात फेरे मारले, सूत गुंडाळलं. हाच नवरा सात जन्म मिळावा असं तिथे मागायचं असतं. तिने काय मागितलं हे विचारायची पद्धत नाही.

मळ्यातल्या जेवणाची हकीकत मला चुलतभावाकडून कळली. भावाने दाढेचं कारण सांगितलं. एकाने लवंग दिली. दुसऱ्याने सांगितलं की दाढेला खरं औषध दारूच, एक घोट धरून ठेव. तिसरा ओतूरच्या दातांच्या डॉक्टरला तिथूनच फोन लावायला निघाला. दाढ दुखत असल्यामुळे भावाला मटणही सोडावं लागलं. त्याच्या पुढ्यात वरणभात वाढला गेला आणि चुलतभाऊ म्हणाला, "पावणं, सावकाश खा. भात टोचंल." या अवस्थेत तो तीन तास बसला, असं कळतं. पुरुषांच्या एका डोसाचे दुष्परिणाम अनेक आहेत, त्यांत मी हा धरते.

वहिनी वटपौर्णिमेच्याच दुपारी माझ्याकडे मंचरला आली आणि तिचा कोर्स संपून वर आठवडा होईपर्यंत राहिली. घरी कारण सांगितलं होतं की मला कुरडया करून द्यायच्या आहेत. जूनमध्ये कुरडया कुणी करत नाही ही गोष्ट गावात कुणाच्याच लक्षात आली नाही, असं आपण धरून चालू. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य अशा रीतीने पाळलं गेलं. निर्धाराने नव्हे, तर अंतराने.

ती सकाळी जेवून गोळी घ्यायची आणि मग जांभळं खात बसायची. तोंडातला लोखंडी स्वाद त्याने जातो, असं तिचं संशोधन होतं. मी बातम्या टाइप करायचे. तिचं माहेर मढ, माळशेजच्या अंगाला, पावसाच्या पट्ट्यातलं. तिकडे अजून नांगरणी झाली असेल का, असं ती मधूनच विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी तिने जांभळाची बी हातात धरून म्हटलं, "ताई, एक इचारू?"

"विचारा."

"तुमी वाशीला गेलाय कधी?"

"एकदा. मार्केटच्या बातमीला."

"कसं हाये तिथं?"

"मोठं आहे. रात्रभर दिवे असतात. ट्रकच ट्रक."

"आन् ड्रायव्हर लोक झोपत्यात कुठं?"

"गाडीत. काही जण लॉजवर."

तिने बी टाकून दिली. "जांभळं आंबट हायेत तुमच्याकडची," ती म्हणाली, आणि तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

ती परत गेली तेव्हा भावाने तिला उतरवून घ्यायला फाट्यापर्यंत पिकअप आणली, एरवी तिला चालत यावं लागतं. त्रास थांबला. जुलैत थांबलेला होता, ऑगस्टमध्येही थांबलेला होता. आई हे सगळं सब्जाचं काम आहे असं शेजारी सांगायची. डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं म्हणून सांगितलं होतं, कारण हा संसर्ग गेला असं वाटतं आणि गेलेला नसतो, किंवा जातो आणि घरातूनच परत येतो. गणपती झाल्यावर आम्ही गेलो. वहिनीने विचारून पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काही हलत नव्हतं. तिने बाईंना विचारलं की काच बरोबर लावलीय ना. बाईंनी काच काढून पुन्हा लावली. तरीही काही हलत नव्हतं.

मग नळ्यांच्या तपासणीची तारीख मिळाली. पाळी संपल्यानंतरच्या ठराविक दिवसांतच ती करतात, त्यामुळे ऑक्टोबर उजाडला. भावाने तिला स्वतः गाडी चालवत आणलं. तो बाहेर थांबला. आत नवऱ्याला यायची परवानगी होती, त्याने ती वापरली नाही. वहिनीला दुखलं. तिने माझा हात धरला होता, त्यावर तिच्या बांगडीचा वळ दोन दिवस होता. फोटो यायला अर्धा तास लागला. तेवढ्यात ती दोनदा उठून पाणी प्यायली आणि एकदा म्हणाली की बंद असतील तर आत्यांना मी सांगीन, तुमी नका सांगू.

बाईंनी फोटो उजेडात धरला, मग भावाला आत बोलावलं. त्याला खुर्ची दिली. दोन्ही बाजूंना औषध नीट पुढे गेलेलं दिसतंय, असं त्या म्हणाल्या आणि पेनाने दाखवलं. वहिनी फोटोकडे न बघता भावाकडे बघत होती.

"यांच्याकडून काही अडचण दिसत नाही," बाई म्हणाल्या. "आता तुमची तपासणी. वीर्याची. खरं तर ही सगळ्यांत आधी करतात. सोपी आहे, दुखत नाही, रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो."

"माझी कशाला?" भावाने विचारलं.

बाईंनी पुन्हा समजावून सांगितलं. भावाने मान हलवली. टोमॅटोचा हंगाम संपला की येतो, असं तो म्हणाला. वहिनीने त्या दिवशी परतताना गाडीत पुढच्या सीटवर, माझ्या आणि भावाच्या मध्ये बसून आईला फोन लावला आणि स्पीकरवर सांगितलं, "आत्या, माझ्या दोन्ही नळ्या मोकळ्या हायेत. आता तुमच्या पोराची तपासणी हाये." पलीकडून आई काय म्हणाली ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

टोमॅटोचा हंगाम नोव्हेंबरमध्ये संपला. भावाची तपासणी हे लिहून होईपर्यंत झालेली नाही.